रात्री दार कोण ठोठावणार?

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला धनादेशाचे बहुतेक सगळे प्रवास पाठ असतात. तो वटतो, परत येतो, शिळा होतो, टपालात गहाळ होतो; क्वचित खातेदाराच्या सदऱ्याबरोबर धुऊनही निघतो. पण धनादेश उडून गेल्याची हकिगत मी वाचली ती निवृत्तीनंतर. १० नोव्हेंबर १९१५ रोजी, अंधार पडल्यावर, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड या गावाला टोर्नेडोने झोडपले. त्या गावातला एक वटलेला धनादेश पुढे शेजारच्या नेब्रास्का राज्यात, पामायरा गावाबाहेरच्या मक्याच्या शेतात सापडला. अंतर ३०५ मैल, म्हणजे सुमारे ४९० किलोमीटर. आपल्याकडचा हिशेब मांडायचा तर कागद पुण्यातून उडावा आणि हैदराबादच्या वेशीपाशी पडावा.

अशीच दुसरी हकिगत आपल्या काळातली आहे. ११ डिसेंबर २०२१ च्या सकाळी इंडियाना राज्यातल्या न्यू ऑल्बनी गावी एका बाईला आपल्या मोटारीच्या काचेला काहीतरी चिकटलेले दिसले. जुना कृष्णधवल फोटो होता. पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातली एक स्त्री, डोक्याला रुमाल, मांडीवर लहान मुलगा. मागे हाताने लिहिलेली नावे आणि साल, १९४२. तिने फोटोचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि काही तासांतच उलगडा झाला. तो फोटो केंटकी राज्यातल्या डॉसन स्प्रिंग्ज गावातल्या एका कुटुंबाचा होता आणि रात्रीतून सुमारे दोनशे किलोमीटर उडत आला होता. ते गाव तेव्हा ढिगाऱ्याखाली होते.

फोटो सुखरूप पोहोचला. माणसे पोहोचली नाहीत. त्याच रात्रीविषयी मला आज लिहायचे आहे. आणि त्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीविषयीही.

*

प्रथम शब्दाचा घोळ मिटवतो. आपली वर्तमानपत्रे टोर्नेडोला कधी चक्रीवादळ म्हणतात, कधी वावटळ. तो दोन्ही नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि चार-चार दिवस आधी नाव घेऊन येते. वावटळ वैशाखातल्या दुपारी तापलेल्या जमिनीतून उठते. माझी आजी म्हणायची, तिच्यात भूत नाचते, वाटेत उभा राहू नकोस. टोर्नेडो खालून उठत नाही, तो ढगातून लोंबतो. जमिनीलगत उबदार, दमट हवा. वर थंड हवा. आणि जसजसे वर जावे तसतशी वाऱ्याची दिशा आणि वेग बदललेला. या तिन्हींचा मेळ जमला की एखादा गडगडाटी ढग अख्खाच्या अख्खा फिरू लागतो. त्यातल्या काहींच्या तळातून सोंड खाली उतरते. बहुतेक टोर्नेडो काही मिनिटांत विरतात. काही विरत नाहीत.

१० डिसेंबर २०२१ चा टोर्नेडो न विरणाऱ्यांपैकी होता. शुक्रवारची रात्र. डिसेंबर असूनही हवेत वसंतासारखी ऊब होती. टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात तो जमिनीला टेकला, केंटकीत शिरला आणि जवळजवळ तीन तास, २६६ किलोमीटर, जमीन न सोडता चालत राहिला. मुंबईहून निघून थेट साताऱ्यापर्यंत यावे एवढी ही मजल. काही ठिकाणी त्याची रुंदी मैलाहून जास्त होती. वाऱ्याचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असावा, असे नंतरच्या पाहणीत ठरले. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' आदळले तेव्हा वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे होते आणि त्यांनी श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वेग अडीचपट झाला की वाऱ्याचा दाब सहापट होतो. यावरून कल्पना करावी.

रात्री साडेनऊच्या सुमारास तो दहा हजार वस्तीच्या मेफील्ड गावावरून गेला. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या न्यायालयाचा घड्याळाचा मनोरा पडला. पाण्याची टाकी कोसळली. अग्निशमन केंद्रच निकामी झाले, म्हणजे जे मदतीला धावायचे त्यांचेच छप्पर गेले. पुढे तासाभराने डॉसन स्प्रिंग्ज, मग ब्रेमेन. ढिगाऱ्यातल्या वस्तू नऊ किलोमीटर उंच फेकल्या गेल्याचे रडारवर दिसले. हवामान खात्याचे लोक अंधाऱ्या खोलीत बसून जे पाहत होते ते पाऊस नव्हता, ती घरे होती. या एका टोर्नेडोने ५७ बळी घेतले. त्याच रात्री दुसऱ्या एका टोर्नेडोने, पहाटे सव्वा-दीडच्या सुमारास, बोलिंग ग्रीन शहरातली एक नवी वसाहत गाठली. तिथे एका गल्लीत अकरा माणसे गेली, त्यांत सात मुले. त्या शहरात बोस्नियाच्या युद्धातून निसटून आलेली अनेक कुटुंबे वसलेली आहेत. तोफांतून वाचून इतक्या लांब आलेले एक कुटुंब एका रात्रीच्या वाऱ्याने पुसले गेले.

*

अमेरिकेत टोर्नेडो ही नवलाची गोष्ट नाही. जगातले सर्वाधिक टोर्नेडो तिथेच होतात. (सर्वांत प्राणघातक टोर्नेडो मात्र आपल्या शेजारचा. २६ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात सुमारे १३०० माणसे गेली.) रडार आहेत, उपग्रह आहेत, गावोगावी भोंगे आहेत, २०१२ पासून खिशातल्या फोनवर थेट इशारा येतो. मेफील्डला इशारा मिळाला नव्हता असेही नाही. दिवसभर धोक्याचे अंदाज येत होते, आणि तडाख्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी खात्याने आपल्याकडचा सर्वांत कडक इशारा दिला होता. मग इतकी माणसे का गेली?

रात्र, हे एक उत्तर. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली १९५० ते २००५ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. एकूण टोर्नेडोंपैकी रात्रीचे सुमारे २७ टक्के. पण मृत्यू ३९ टक्के. दिवसाच्या तुलनेत रात्रीचा टोर्नेडो प्राणघातक ठरण्याची शक्यता अडीचपट. वारा तोच असतो. फरक एवढाच, की दिवसा माणूस आकाशाकडे पाहतो, शेजाऱ्याला हाक मारतो, रस्त्यावरची पळापळ पाहून स्वतः पळतो. इशारा आधी कानावर पडतो, पण विश्वास बसतो तो डोळ्यांनी. रात्री डोळे नसतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात तर डोंगर, झाडी आणि पावसाचा पडदा यांत टोर्नेडो दिवसासुद्धा नीट दिसत नाही.

दुसरे उत्तर घरांत आहे. तिथे 'मोबाइल होम' नावाचा घरांचा प्रकार आहे. कारखान्यात बनवायचे, ट्रकवरून आणायचे, जागेवर ठेवायचे. स्वस्त असते, म्हणून ज्यांना विटांचे घर परवडत नाही ते यात राहतात. देशातल्या एकूण घरांपैकी ही घरे सहा टक्क्यांहून कमी. पण १९९६ पासून घरात असताना टोर्नेडोने मेलेल्या लोकांतले निम्म्याहून अधिक याच घरांत होते. सरकारी सूचना सांगते, असे घर सोडून पक्क्या आसऱ्याला जा. रात्री अकरा वाजता, मुसळधार पावसात, दोन पोरांना घेऊन जायचे कुठे, ते सूचनेत नसते. २४ मार्च २०२३ च्या रात्री मिसिसिपीतले रोलिंग फोर्क हे दोन हजारांहून कमी वस्तीचे, बहुतांशी गरीब कृष्णवर्णीयांचे गाव असेच उद्ध्वस्त झाले. वारा आंधळा असतो असे आपण म्हणतो. असेलही. पण त्याच्या वाटेत कोण, कशा घरात, कोणत्या वेळी असणार हे वाऱ्याने ठरवलेले नसते.

*

आता मेफील्डच्या कारखान्याकडे येतो. गावाच्या कडेला सुगंधी मेणबत्त्यांचा मोठा कारखाना होता. नाताळ दोन आठवड्यांवर, मागणी भरपूर, पाळ्या रात्रंदिवस चाललेल्या. त्या रात्री आत सुमारे ११० माणसे होती. त्यांत जवळच्या तुरुंगातून कामावर आणलेले काही कैदीही होते. संध्याकाळी एकदा भोंगा झाला, माणसे आडोशाला गेली, मग परत यंत्रांवर आली. दुसरा भोंगा झाला आणि काही वेळाने छप्पर गेले. अशा लांबरुंद शेडच्या भिंती छपरानेच एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. ते उचलले गेले की भिंती आत पडतात.

पहिल्या दिवशी राज्यपाल म्हणाले की सत्तरएक माणसे गेली असावीत. सुदैवाने तसे झाले नाही. फोन बंद होते, वाचलेले जिकडे वाट फुटेल तिकडे गेले होते. मोजदाद पुरी झाली तेव्हा आकडा नऊ निघाला. नऊ ही काही लहान संख्या नव्हे.

पुढे काही कामगारांनी सांगितले, की पहिल्या भोंग्यानंतर आम्ही घरी जाऊ का म्हणून विचारत होतो. गेलात तर नोकरी जाईल असे पर्यवेक्षकांनी सुनावले. कंपनीने हे ठामपणे नाकारले. कोणीही केव्हाही जाऊ शकत होते, असे तिचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात गेले. कोण खरे बोलत होते याचा निवाडा मी करणार नाही. घरी गेले असते तर सगळेच वाचले असते असेही नाही, घरेही पडलीच. मला यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. 'मी जाऊ का?' हा प्रश्न भोंगा वाजल्यावरही विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर देणारा हवामान खात्यातला कोणी नसतो. तो पाळीवरचा साहेब असतो.

हवामान खात्याचाही याबाबतीतला इतिहास बोलका आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५० पर्यंत सरकारी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच वर्ज्य होता. कारण काय, तर लोक घाबरतील. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला. कोणालाही कल्पना नव्हती. विमानांचा चुराडा झाला. फॉबुश आणि मिलर या तळावरच्या दोन हवामान अधिकाऱ्यांना कारण शोधण्याचे फर्मान निघाले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना नकाशावर तशीच लक्षणे दिसली. त्यांनी धोका पत्करून इशारा दिला आणि संध्याकाळी खरोखरच टोर्नेडो त्याच तळावर आला. या वेळी विमाने शक्य तितकी आत नेलेली होती, माणसे आडोशाला होती. दोन वर्षांनी शब्दावरची बंदी उठली. लोकांना खरे सांगितले तर ते घाबरून भलतेच काही करतील, ही वरच्या खुर्चीची जुनी भीती. शब्दावरची बंदी गेली. ती भीती अजून अनेक खुर्च्यांत बसलेली आहे. मी हे खात्रीने सांगतो, कारण अशा एका खुर्चीत मी स्वतः बसलो आहे.

*

२६ जुलै २००५, मंगळवार. मी तेव्हा मुंबईच्या उपनगरातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपल्याला नंतर कळले. दुपारी अडीचला आम्हाला एवढेच दिसत होते की समोरचा रस्ता दिसत नाही. आमच्याकडे एक बाई लिपिक होत्या, डोंबिवलीहून यायच्या. त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, गाड्या बंद पडतील असं म्हणतायत. मी निघू का?"

काउंटरवर गर्दी नव्हती, पण त्या दिवशी रोकड जुळत नव्हती. चारशे रुपयांचा फरक येत होता. बँकेत काम केलेल्यांना ठाऊक असेल, फरक चारशेचा असो की चार लाखांचा, तो निघेपर्यंत कोणाचे लक्ष दुसरीकडे जात नाही. मी मान वर न करता म्हणालो, "कॅश जुळू दे."

रोकड जुळली सव्वाचारला. चारशेचे एक व्हाउचर दोनदा धरले गेले होते. तोवर गाड्या बंद झाल्या होत्या. त्या बाई इतर चौघांबरोबर रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचल्या. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा रात्रभर शेजाऱ्यांकडे होता. फोन लागत नव्हते. आई आहे की नाही हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तिसऱ्या दिवशी कामावर आल्या, मस्टरवर सही केली, जागेवर बसल्या. वर्षभरात माझी बदली झाली. मीही विषय काढला नाही. मेफील्डची बातमी वाचली तेव्हा, सोळा वर्षांनी, मी त्यांचा क्रमांक शोधून फोन केला. जे सांगायचे होते ते कसेबसे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो साहेब, तुम्ही 'थांबा' कुठं म्हणालात? 'कॅश जुळू दे' एवढंच म्हणालात. मीच थांबले."

त्या मला दिलासा देत होत्या. मला मात्र त्या वाक्यात सगळा उलगडा दिसला. मी धमकी दिली नव्हती, मनाई केली नव्हती. कोणी चौकशी केली असती तर मीही शपथेवर सांगितले असते की कर्मचारी केव्हाही जाऊ शकत होते. आणि ते खरेही ठरले असते.

*

माझी धाकटी मुलगी टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या एका उपनगरात राहते. ३ मार्च २०२० रोजी मध्यरात्री त्या शहरातून टोर्नेडो गेला. तिथे रात्रीचे साडेबारा, आमच्याकडे पुण्यात दुपारचे बारा. आमची जेवणाची पाने मांडली जात होती. तासाभराने तिचा फोन आला.

"बाबा, आम्ही बरे आहोत. टीव्हीवर काही दिसलं तर आईला घाबरवू नका."

नंतर तिने सविस्तर सांगितले. ती दोघे आणि तान्हे मूल दुसऱ्या मजल्यावर. फोन किंचाळला, दोघे जागे झाले आणि पलंगावर बसून राहिले. खरे असेल का? मुलाला झोपेतून उठवायचे का? असे इशारे पूर्वीही आले होते, काही झाले नव्हते. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी झोपायच्या कपड्यांत, हातात विजेरी घेऊन उभ्या होत्या. जिन्यात हसण्यापलीकडे त्यांची ओळख नव्हती. त्या म्हणाल्या, खाली या, माझ्या न्हाणीघराला खिडकी नाही. मग चौघांनी टबात आणि टबाभोवती, डोक्यावर उशा घेऊन पाऊण तास काढला. वादळ काही मैलांवरून निघून गेले. त्या रात्री टेनेसीत २५ माणसे मरण पावली, त्यांतली बहुतेक पूर्वेकडच्या कुकव्हिल भागात, रात्री दोनच्या सुमारास, झोपेत किंवा नुकतीच जागी झालेली.

मुलीला फोनने जागे केले. पण तिला हलवले ते दारावरच्या थापेने.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा मी जावयांना म्हटले, मला मेफील्डला घेऊन चला. मोटारीने अडीच तासांचा रस्ता. मी ढिगारे पाहायला मिळतील अशा अपेक्षेने गेलो होतो. ढिगारे उचलून झाले होते. गावाच्या मध्यभागी स्वच्छ केलेले, सपाट, रिकामे चौकोन होते. पायऱ्या होत्या, त्या चढून जायला घर नव्हते. ओळीतले एखादे दुकान शिल्लक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आकाश. किल्लारीला मी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी कर्जखात्यांच्या कामासाठी गेलो होतो. तोही घाला रात्रीचाच, पहाटे चारच्या सुमाराचा. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली; थकलेली गावे दगडमातीच्या जड भिंतींत झोपलेली. तिथे दगडांचे ढीग होते. इथे काहीच नव्हते. पण दोन्हीकडे लोक एकाच पद्धतीने बोलत. "इथे" न म्हणता ते "इथे होतं" म्हणत.

बँकवाल्याच्या नजरेने मी आणखी एक गोष्ट पाहिली. ज्यांचे घर स्वतःचे आणि विमा पुरा, ते पुन्हा बांधत होते. जे भाड्याने राहत होते त्यांचे ना घर, ना विमा. घरमालकाला नुकसानभरपाई मिळाली तरी त्याने तिथेच, त्याच भाड्यात पुन्हा बांधावे असा नियम नाही. गाव उभे राहते, पण तीच माणसे घेऊन उभे राहते असे नाही. मृतांची संख्या फलकावर लिहिली जाते. जे गाव सोडून गेले त्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते.

आणि तरीही त्याच गावांतल्या, त्याच परगण्यांतल्या लोकांनी शेकडो मैलांवर पडलेले फोटो, लग्नपत्रिका, मुलांची प्रगतिपुस्तके गोळा करून ज्यांची त्यांना परत पाठवली. २७ एप्रिल २०११ च्या टोर्नेडोंनंतरही हे झाले होते. तेव्हा परत केलेल्या वस्तूंवरून जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊशेहून अधिक वस्तूंचा हवाई प्रवास मोजला. त्यांत सर्वांत लांब गेला होता तो एक फोटोच, साडेतीनशे किलोमीटर. परक्याची वस्तू हाती आली तर ती त्याच्या घरी पोहोचवावी, हे माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. परक्याच्या घरी इशारा पोहोचवावा, हे मात्र आपण सगळे खात्यावर सोपवलेले आहे.

*

ते खातेही माणसांचेच असते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या केंद्र सरकारने खर्चकपात सुरू केली आणि राष्ट्रीय हवामान सेवेतून पाचशेहून अधिक माणसे काही महिन्यांत बाहेर पडली. काही कार्यालयांत रात्रपाळीला कायमचा माणूस उरला नाही. केंटकीतले जॅक्सनचे कार्यालय त्यांपैकी एक. १६ मे २०२५ च्या रात्री त्याच कार्यालयाच्या हद्दीत, समरसेट आणि लंडन या गावांवरून, पुन्हा एक प्रचंड टोर्नेडो गेला. केंटकीत त्या रात्री किमान १९ माणसे गेली. त्या संध्याकाळी धोका ओळखून कार्यालयाने जादा माणसे बोलावून घेतली होती आणि इशारे वेळेवर निघाले, हे नमूद केलेच पाहिजे. म्हणजे घात झाला तो कपातीमुळे, असे म्हणता येणार नाही. पण थकलेल्या लोकांनी जास्तीची पाळी करून जे निभावले ते दर वेळी निभेल, यावर कोणता व्यवस्थापक पैज लावील? रात्रपाळीचा माणूस ताळेबंदात खर्चाच्या बाजूला दिसतो. त्याने वाचवलेली माणसे जमेच्या बाजूला कुठेच दिसत नाहीत. हिशेबाची ही पद्धत मी आयुष्यभर वापरली, म्हणून तिचे दोष मला ठाऊक आहेत.

आपल्याकडे केंटकीसारखे टोर्नेडो येत नाहीत. पण रात्र येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हतीच. पायी डोंगर चढल्याशिवाय तिथे जाताही येत नव्हते. त्याच वर्षी आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकाएकी कर्कश आवाजात सरकारी संदेश आला होता, आठवत असेल. आपत्तीच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. आमच्या घरात काय झाले ते सांगतो. सगळ्यांचे फोन एकदम वाजले, सगळे दचकले, मग प्रत्येकाने आपापला फोन बंद केला आणि पुन्हा चहा घेतला. चाचणी यशस्वी झाली असे जाहीर झाले. यंत्राची झाली. आमची झाली नाही.

आज रविवार आहे, घरातली माणसे एकत्र असतील. दोन प्रश्न विचारून पाहावेत. रात्री दोन वाजता फोन किंचाळला तर आपल्या मजल्यावर, आपल्या गल्लीत कोणाचे दार कोण ठोठावणार? ऐकू कमी येणारे आजोबा, रात्रपाळीहून येऊन औषध घेऊन झोपणारा तरुण, नव्याने राहायला आलेले भाडेकरू ज्यांचे नाव अजून आपल्याला माहीत नाही. यादी फार मोठी नसते. ती एका कागदावर मावते.

दुसरा प्रश्न ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांच्यासाठी आहे. दुकान असेल, कचेरी असेल, शाळा असेल, घरात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील. बाहेर आभाळ फाटलेले असताना त्यांनी "मी निघू का?" असे विचारले, तर आपण काय म्हणणार आहोत, हे आजच ठरवून ठेवावे. त्या क्षणी सुचत नाही. त्या क्षणी चारशे रुपयांचा फरक फार मोठा वाटतो.